हात जाईल अशी जागा

गाडी डॉक्टर किंमतकरांची, इंजिन भलत्याच टेम्पोचं,
कॉटन मार्केटच्या मागं कोणीतरी तिच्या पोटात बसवलेलं.
बसलं तसं नीट. फक्त ऑइल फिल्टर
सायलेन्सरच्या पाइपाआड जाऊन दडला,
चार बोटांच्या फटीत,
जिथं बाबांचा हात मनगटाशीच अडायचा.

माझा जायचा.

मी दहा वर्षांची. सक्करदऱ्याच्या गॅरेजात
पोत्यावर उताणी, नाकासमोर चेसिसचं काळं आभाळ,
वर टिनाचं छप्पर मे महिन्यात तडतडणारं.
"भेटला का?"
"भेटला."
"डावीकडं फिरव. जोर नको लावू, पोट्टे,
त्याले समजू दे."
फिल्टर सुटला की जुनं तेल
कोपरावरून बगलेपर्यंत यायचं, कोमट,
आणि बाबा गिऱ्हाइकाला सांगायचे,
"पोरीच्या हाताले यश आहे."
यश म्हणजे मनगट बारीक असणं,
असंच मला बरेच दिवस वाटत होतं.

रॉकेल आणि लाकडाचा भुसा. तरी शुद्धलेखनाच्या वहीवर
प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात माझा अंगठा उमटायचा.

त्या दिवशी डॉक्टरांना भंडाऱ्याला जायची घाई.
इंजिन निवायला वेळ नव्हता.
पाइप लागला.
मी आधी फिल्टर बाहेर काढला,
मग हात.

आईनं कोरफड लावली. बाबा काही बोलले नाहीत.
जेवले नाहीत असंही नाही, दोन भाकरी खाल्ल्या,
आणि माझ्याच वहीच्या मागच्या पानावर
पेन्सिलीनं गोल काढत बसले,
गोलात दोन भोकं, खोडून पुन्हा दोन भोकं.

दुसऱ्या दिवशी शटर खाली. सायकल हिंगण्याला,
पराते लेथवाल्याकडं.
अ‍ॅल्युमिनियमची चकती: एका भोकातून तेल बाहेर,
दुसऱ्यातून आत.
वाडीच्या ट्रकवाल्यांकडून दोन जाड होस,
आणि आमच्या कूलरच्या स्टँडचा एक पाय कापून
त्याचा ब्रॅकेट, बॅटरीच्या शेजारी.
(कूलर पुढचा सगळा उन्हाळा विटांवर उभा होता.)

फिल्टर उजेडात आला.
केवढासा तो. डालड्याच्या लहान डब्याएवढा.
मी त्याला हातानं ओळखत होते,
तोंड पहिल्यांदा पाहिलं.

किल्ली माझ्याकडं दिली. फिरवली.
लाल दिवा लागला तो लागलाच.
तेल लांबच्या रस्त्यानं निघालं होतं,
रिकामे होस भरत भरत.
बाबांनी "बंद कर" म्हणायला बोट उचललं
आणि तसंच हवेत धरलं.
नऊ. दहा.
अकराला दिवा विझला.

"दोन जोड वाढले," ते म्हणाले,
"म्हणजे दोन जागी गळू शकते. पाहत राहा लागते."
गिऱ्हाइकाला सांगावं तसं, पण मला.
माफीचा एवढाच एक शब्द आमच्या घरात होता,
आणि तो इंजिनाविषयी होता.

आता पाटीवर नाव अजून शालिक वैरागडे,
हात माझे, त्यांच्याएवढेच रुंद.
गाडी डॉक्टरांचा पुतण्या आणतो, वर्षातून दोनदा.
नवा पोरगा बॉनेट उघडून विचारतो,
"ताई, हा फिल्टर काहून इथं? कंपनीनं तर खाली देला असन."
"सोयीसाठी," मी म्हणते.
"कोणाच्या?"
मी त्याला चिंधी आणायला पाठवते.

नवा फिल्टर. रबराच्या रिंगेला बोटभर तेल,
हातानं घट्ट, मग पाऊण फेरा, पान्याशिवाय.
घड्याळाचा पट्टा वर सरकतो,
खालची गुळगुळीत कातडी दिसते, पुन्हा झाकते.
इंजिन चालू करायला सांगते.
मोजत नाही, म्हणजे मोठ्यानं मोजत नाही.
मग दोन्ही जोडांखालून एकेकदा बोट फिरवते
आणि बोट उजेडात धरते.

कोरडं.