खालचा रंग

वडील जालन्याला रोलिंग मिलमध्ये भंगार निवडायचे.
ट्रक रिकामा झाला की पत्रे, पलंग, पंप, पाळण्याच्या कड्या,
सगळं भट्टीच्या वाटेवर.
त्यातून एक फ्रेम त्यांनी बाजूला ओढली.
मुकादमाने वजन केलं, पगारातून पैसे कापले,
आणि रात्रीच्या पॅसेंजरने ती सेलूला आली,
दाराजवळ, वडिलांच्या मांडीवर,
पाहुण्याची पोर झोपावी तशी.

वर्षभर खिळ्याला.
आई तिच्यावर टॉवेल वाळवायची.
मी विचारायचे, चाकं कव्हा?
येतेत, म्हणायचे वडील. एकेक येतेत.
जशी काही ती पायीच निघाली होती.

तोवर प्रयागला सायकल आली.
मोंढ्यातल्या दुकानातून, टेम्पोत, अख्खी.
दांडीला पुठ्ठा, सीटवर प्लास्टिक.
तिच्या आईनं कुंकू लावलं, नारळ फोडला,
प्रयाग बसली आणि गेली.
एवढंच. बसली आणि गेली.
खरं सांगते, त्या रात्री मी
खिळ्याकडे पाठ करून झोपले.

मग मागची रिंग आली, बाजारातून.
चिमटा परतूरहून, जरा वाकलेला.
छर्रे मीच मोजून घेतले, रॉकेलच्या ताटलीत;
एक निसटला, तर अख्खी दुपार
टपरीपुढच्या मातीत चुंबक फिरवत.
बशारत मिस्त्री चाक फिरवायचे, रिंगला खडू टेकवायचे,
खडू उमटला तिथं आऊट.
"ये तार, आधा चक्कर. बस.
बस बोला ना."
हिशेब त्यांनीच केला एकदा, विडीच्या कागदावर:
"नवी लेते तो सस्ती पडती, बेटी."
वडिलांनी कागद वाचला, घडी घातली,
परत दिला.

रंग द्यायचा म्हणून मी पॉलिश पेपरनं घासत बसले.
आधी हिरवा निघाला, त्याखाली चॉकलेटी,
आणि त्याखाली, पेंटरच्या वळणदार अक्षरात, पांढरं:
कु. दैवशाला, मंठा.

म्हणजे हीसुद्धा कधीतरी टेम्पोतून उतरली होती.
पुठ्ठा, प्लास्टिक, नारळ.
कुणीतरी बसलं होतं आणि गेलं होतं.
मग काय झालं? लग्न? शाळा सुटली?
दांडी मोडलेली नव्हती. मी बोट फिरवून बघितलं,
वेल्डिंगचा एक टाका नव्हता.

सगळीकडे निळा दिला, तेवढी चार बोटं सोडून.
वडिलांनी का म्हणून विचारलं नाही.
शाळेत पोरी मात्र हाक मारायला लागल्या,
ए दैवशाला, थांब की!
आणि मी थांबायचे.

पहिला महिना ब्रेक नव्हते, चप्पल होती.
मागचं चाक दर फेऱ्याला टिक् करायचं,
कितीही तारा कसा.
प्रयाग शेजारून जायची, बिनआवाजी.
तिची चेन पडली की हात मागे बांधून उभी राहायची
माझ्याकडं बघत. मी बसवायचे,
माझे काळे हात
तिच्या मडगार्डला लागू नयेत म्हणून जपत.

आता मी कंडक्टर आहे. सेलू, मंठा, जालना.
मंठ्याला पन्नाशीच्या बाया चढतात,
कडेवर नातू, अर्धं तिकीट मागतात.
मशीन विचारतं कुठून, कुठपर्यंत.
नाव विचारत नाही.
मीही नाही विचारत. दोनदा घंटी ओढते.

सायकल स्टँडमागच्या शेडमध्ये असते.
तीनदा रिंगा बदलल्या, दोनदा चिमटा,
सीट तर मी मोजतच नाही.
रात्री घरी निघते तेव्हा रस्ता रिकामा असतो,
आणि ते ऐकू येतं,
टिक्.
चाकाचं नव्हतंच ते.