तीन मिली

मला वाटलं होतं, नोट म्हणजे पैशाची.
मतीनभाई हसले नाहीत. गांधीबागेतल्या त्या
दीड हात रुंद दुकानात हसायला जागाही नव्हती,
नुसत्या बाटल्या, बाटल्यांमागे आरसा,
म्हणजे दुप्पट बाटल्या.

"नोट म्हणजे पाहुणा, ताई.
टॉप नोट दारातूनच बोलते अन् निघते.
मधली बसते, चहा घेते.
बेस नोट मुक्कामाला राहते.
लोक दारातल्याशी बोलूनच सोयरीक पक्की करतात."

मी धंतोलीत रक्त काढते, एकोणीस वर्षं झाली.
हातांना स्पिरिटचा वास, त्याखाली मोज्यांच्या रबराचा.
लग्नात आलेली सेंटची बाटली होती एक.
जपून ठेवली. कपाटातच पिवळी झाली.

कागदाच्या पट्ट्या पुढे आल्या.
पहिलीवर संत्र्याचं साल, नुकतं नखाखाली फुटलेलं,
डोळ्यात उडेल म्हणून मी मागे सरले.
मग मोगरा. मग कुणाच्यातरी रिसेप्शनचा मंडप.
चौथीनंतर सगळं एकच.
"कॉफीच्या बिया हुंगतात ना अशा वेळी?"
"स्वतःचं कोपर हुंगा. फुकट आहे."
हुंगलं. घाम, सुती कापड, सकाळच्या तर्रीपोह्यांची फोडणी.
नाक झिरो माईलच्या दगडापाशी परत आलं,
आता इथून मोजा.

ओ द टॉयलेट. हे नाव ऐकून मी रुमालच काढला.
अर्क कमी, दुपारपर्यंत टिकेल.
ओ द परफ्युम, संध्याकाळपर्यंत.
अत्तर तेलातलं, थेंब पुरे.
हे मला लगेच कळलं: डायल्यूशन. रोजचंच आहे.
सियाज मात्र त्यांना दोनदा सांगावं लागलं.
"फुटाळ्यावर होडी निघून जाते,
मागे पाण्यावर रेघ राहते. ती."

डाव्या मनगटावर एक लावलं, उजव्यावर एक.
"घासू नका. आणि आज घेऊ नका."
मी पर्सची चेन उघडी धरून उभी.
"कातडी आपलं मत रात्री सांगते."

मे महिना, पंचेचाळीस.
स्कार्फ बांधला, डोळे तेवढे बाहेर.
उन्हाळ्यात या शहरातल्या सगळ्या बायका
एकाच आईच्या दिसतात.
व्हरायटी चौकात डावं मनगट वर केलं:
संत्रं गेलेलं. सिग्नल सुटेपर्यंतही थांबलं नाही.
अजनीच्या पुलावर त्याच हातातून गुलाब निघाला,
चुलत सासूसारखा, चढ्या आवाजाचा.
उजवा हात गप्पच. जरा कडवट, हिरवा.
वाया गेला, म्हटलं.

रात्री अकराला खोलीत वाळा आला.
मी कूलरकडे पाहिलं.
पण कूलरला पोरानं गेल्या वर्षीच
हनीकॉम्बच्या जाळ्या बसवल्यात,
त्यांना कसलाच वास नसतो.
वाळा उजव्या मनगटातून येत होता,
ओल्या ताट्यांचा, गार, थोडा धुरकट.
आणि त्याच्याही तळाशी, अगदी बारीक, स्पिरिट.
ती माझी स्वतःची नोट. निघत नाही.

शनिवारी तीन मिली घेतलं.
लॅबमध्ये लावायला बंदी आहे,
उपाशीपोटी आलेल्यांना मळमळतं.
म्हणून स्कार्फच्या आतल्या बाजूला एक थेंब.
मतीनभाईंना सांगितलेलं नाही,
त्यांनी कातडीवर लावायला सांगितलं होतं.
सियाज शून्य. पाण्यावर रेघच नाही.
नाकापासून कापडापर्यंत जेवढी जागा,
तेवढ्यात सगळं.

शेजारच्या मोपेडवर पांढऱ्या स्कार्फातली बाई
सरळ समोर बघत असते.
तिच्या आत काय आहे, कोण जाणे.
सिग्नलवर अठ्ठ्याऐंशी. सत्त्याऐंशी.