पंप नंबर सात

सोहारच्या किनाऱ्यावर आम्ही समुद्र उकळतो.
वाफ धरून ठेवतो, मीठ ज्याचं त्याला परत.
माझं टेबल त्याच शेडमागे, पत्र्याच्या खोलीत.
काम एवढंच की
मस्कतच्या थंड खोलीत बसलेलं एक अवाढव्य मॉडेल
काडेपेटीएवढ्या चिपमध्ये उतरवायचं
आणि पंपाच्या अंगाला चिकटवायचं.
बिघडण्याआधीची कुरकुर त्यानं ओळखायची.

तीन महिने मी धाकट्याकडून नुसती उत्तरं घोकून घेतली.
बेअरिंग. गळती. ठीक. ठीक. बेअरिंग.
कागदावर पास.
पंपाशेजारी ठार बहिरा.

इसाक सारंग, मूळ हर्णैचे, इथे एकतीस वर्षं,
स्क्रू-ड्रायव्हरचं टोक पंपाला लावतात, मूठ कानाला.
"बेअरिंग हाय. पण जरा हवा गिळल्यासारखा पण वाजतो."
गळती?
"छे." मग थांबून,
"छे म्हणजे अगदीच छे नाय."

मी वहीत मांडलं:
बेअरिंग सत्तर, हवा सव्वीस, गळती चार.
त्या चारात एकतीस वर्षं होती.

मोठ्या मॉडेललाही हे ठाऊक असणार.
मीच त्याला दटावत होते,
एका शब्दात सांग, पुढे चल.
सूत्रात एक आकडा असतो, त्याचं नावच तापमान.
तो एकाचा चार केला
(बाहेर सेहेचाळीस, कुणाला फरक पडणार होता)
तेव्हा त्याची ठाम उत्तरं गुळासारखी पाघळली,
आणि खोडलेल्या पर्यायांतूनही
काहीबाही झिरपू लागलं धाकट्याकडे.

तरी पुरेना.
इसाकचाचा चहात खारी बुडवत म्हणाले,
"माझा नातू माझ्याकडनं पोहायला नाय शिकला.
मी लांब हात मारणार, तो काय बघणार?
थोरल्या भावानं शिकवला त्याला."
त्या रात्री मी एक मधला घडवला,
मोठ्याहून दहापट लहान, चिपहून दहापट मोठा.
मोठ्यानं मधल्याला सांगितलं,
मधल्यानं धाकट्याला.

सप्टेंबरात चाचांचा व्हिसा संपतो.
काल सातव्या पंपावर चिप बसवली.
पडद्यावर उमटलं:
हवा एकसष्ट, बेअरिंग तीस, ठीक आठ, गळती एक.
चाचांनी मूठ कानाला लावली.
बराच वेळ लावून ठेवली.
"ह्यो कुठला?" म्हणाले. "ह्यो आवाज नवा हाय."

चिपकडे चारच खण.
शंभर पैसे त्या चारांतच वाटायचे,
पाचव्यासाठी हात रिकामा.

मी पंप बंद करायला लावला.
वहीत एक खण वाढवला, वर नाव नाही घातलं.
चाचा पँटला टोक पुसत उभे होते
आणि थंड होणाऱ्या लोखंडावर
सवयीनं दोनदा थोपटत होते.
ते कशासाठी, हे मी
त्यांना कधी विचारलंच नव्हतं.