दोन किल्ल्या

आधी पांढरी.
बूड टेकताच माणूस
घरी पोचल्यासारखी सीट.
व्हर्शिच घाटातल्या वळणांची दगडी फरसबंदी
चाकांखाली नुसती अफवा होते.
शेजारी बोगोमिर, मणक्यात दोन स्क्रू,
तिसऱ्या वळणालाच घोरू लागतो.
झ्देंका स्टिअरिंग फिरवते
थंड झालेलं सूप ढवळावं तशी.

दुपारी निळी.
हिला साधा खडासुद्धा लपवता येत नाही.
स्टिअरिंग मनगटाशी खरं बोलतं.
झ्देंका गिअर उतरवते, वळण कापते,
आणि साठीतल्या तोंडातून
विशीतली एक शिवी निसटते, खुशीची.
बोगोमिर कळवळतो. दाराचा दांडा धरतो.
हळू, अगं हळू.

पण अकराव्या वळणाला
तो आपसूक आतल्या बाजूला झुकतो,
जसा झुकायचा तिच्या मोटरसायकलवर, मागे,
तिचं जॅकेट मुठीत धरून.

खाली शोरूममधला पोरगा विचारतो,
मग, कुठली?
"पांढरी," झ्देंका म्हणते.
पाठ त्याची आहे, हप्ते दोघांचे.

बोगोमिर अजून गाडीतून उतरतोच आहे,
एक पाय बाहेर, एक हात छतावर.
"निळी," तो म्हणतो.
"उशी मी घरून आणीन."

ती हो म्हणालेली नाही अजून.
पांढरी किल्ली टेबलावर ठेवलीय तिनं.
दुसरी शोधतोय पोरगा.