सुटे

उद्या बोट सुटणार, म्हणून आज रांग दारापर्यंत.
गॅल्व्हस्टन, धक्क्याजवळची बँक, खिडकी क्रमांक तीन.
"आयोन, किती रोकड न्यावी गं?"
जशी काही मी बोटीवरच राहते.
धक्क्याच्या पलीकडं माझं पाऊल पडलेलं नाही;
पण सत्तावीस वर्षं लोकांचे पैसे माझ्या हातून समुद्रावर गेलेत
आणि उरलेसुरले माझ्याच हातात परत आलेत,
ओलसर, वाळू चिकटलेले.

तेव्हा ऐका.
बोटीवर नोटेला कुणी विचारत नाही.
एकच कार्ड: तेच दार उघडतं, तेच दारू पाजतं,
आणि शेवटच्या रात्री दाराखालून बिल सरकतं,
तोवर सगळं फुकट वाटतं.
रोकड लागते ती माणसांना.
बॅग उचलणाऱ्याला दोन.
टॉवेलाचा हत्ती करून पलंगावर ठेवतो त्या पोराला वीस
(आधी नाव पाठ करा त्याचं, मग पाकीट द्या).
टॅक्सीवाल्याशी बसण्याआधी बोला.
शहाळं, केसांच्या वेण्या, शंखांची माळ,
या सगळ्यांपुढं शंभराची नोट काढू नका.
मोड मागणं म्हणजे तिचं अख्खं दुकान हलवणं.
एकेकच्याच न्या. आणि फाटकी एकही नको.

फाटकी का नको, ते मला ऑर्विल स्टॅस्नीनं शिकवलं,
टेक्सस सिटीच्या रिफायनरीत पाइप जोडून म्हातारा झालेला माणूस.
एका सोमवारी त्यानं खिडकीतून एक डॉलर सरकवला,
मधोमध चिकटपट्टी लावलेला.
"रोआटान बेटावर एक बाई आहे.
निळा कूलर, त्यात नारळाचा पाव.
मी घेतला, खाल्ला, हा दिला.
ती धक्क्यावर माझ्यामागं धावत आली.
इथली बँक असली नोट घेत नाही, म्हणाली, आणि माझ्या हातात ठेवली.
माझ्याकडं दुसरी शंभराची. तेवढ्यात भोंगा झाला."
थोडा थांबला.
"पाव पोटात, आयोन, आणि पैसे खिशात."

मी त्याला कोरी नोट दिली. पण ती न्यायची कशी?
बाईचं नाव ठाऊक नाही.
गुडघ्यानं त्याला पुन्हा जिना चढू दिला नाही,
मग बोट कुठली.
ती कोरी नोट तो माझ्याकडंच ठेवून गेला.

तेव्हापासून रोआटानला जाणारं कुणी आलं
की मी पाकिटात एक डॉलर जास्तीचा घालायची.
पहिला त्याचा, पुढचे माझ्या पर्समधले.
"निळा कूलर. नारळाचा पाव. टेक्ससच्या म्हाताऱ्याकडून."
लोक हसून हो म्हणायचे.
परत आल्यावर उन्हानं सोललेली नाकं दाखवायचे,
बोटीवरच्या कोळंबीबद्दल बोलायचे.
कूलरचं कुणी काढलं नाही, मीही विचारलं नाही.
सात डॉलर गेले असे, दोन वर्षांत.

परवा मिसेस त्रान आल्या.
स्वतःच्या झिंग्यांच्या दोन बोटी, तरी सुट्टीलाही बोटच.
पर्समधून एक पुडी काढली त्यांनी,
पावाच्या कागदाची, रबर लावलेली.
आत सहा नोटा,
आणि कागदावर पेन्सिलीनं:
'एकच होता. व्हर्ली.'

ऑर्विलला फोन केला.
"व्हर्ली," तो म्हणाला. मग पुन्हा, "व्हर्ली."
मग म्हणाला गुडघा आज बरा आहे,
आणि फोन ठेवला.

नोटा मऊ पडल्यात, एकीवर तेलाचा डाग,
पण फाटकी त्यात एकही नाही.

रांगेतला पुढचा पोरगा शंभर डॉलर एकेकचे मागतो.
चौऱ्याण्णव मी गल्ल्यातून मोजते,
सहा पुडीतून,
आणि गल्ल्यातले सहा माझ्या पर्समध्ये टाकते.
हिशेब जुळला.
त्याची बोट कुठं जाते, ते मी विचारत नाही.