दोनशे पाच

जानोरीच्या शिवारात, द्राक्षांच्या पॅकहाउसमागे,
जिथे ऑफिसातलं कुणी नाक दाबल्याशिवाय फिरकत नाही,
तिथे मी सत्तावीस वर्षं अमोनिया सांभाळला.
सांभाळला म्हणजे,
त्याने मला राहू दिलं.

यंदा आयटीआयची एक पोरगी दिलीय हाताखाली.
सुवर्णा गांगोडे, तालुका पेठ.
पहिल्या दिवशी विचारलं, वारा कुठून येतोय?
गच्चीवरच्या फडक्याकडे तिने बघितलंच नाही.
लिंबाच्या पानांकडे बघत म्हणाली, रामशेजकडून.
मग गळती झाली तर पळायचं कुठे?
आडवं. वाऱ्याला आडवं.
मी काही बोललो नाही,
चहा मात्र दोन सांगितले.

गंधकाची कांडी पेटवून
सांध्यांवरून कशी फिरवायची ते दाखवलं;
पांढरा धूर उठला की चोर तिथेच.
तेल काढताना व्हॉल्व्हवरचा हात सोडायचा नाही,
घरून फोन आला तरी, मालक आला तरी.
हे मला टर्ले मिस्त्रींनी शिकवलं,
ज्यांच्या डाव्या डोळ्यात
अमोनिया एक ढग ठेवून गेला होता.

लॉगशीट तेवढं शिकवलं नाही.
तिथे माझा एक जुना आकडा मुक्कामाला होता.
डिस्चार्ज प्रेशर: एकशे ऐंशी.
रात्री एकला एकशे ऐंशी, दोनला एकशे ऐंशी,
पहाटे चारला, खुर्चीत डोळा लागलेला असताना,
एकशे ऐंशी.

मार्चअखेर, कंटेनर भरायची घाई,
आणि तिने लिहिलं: दोनशे पाच.
म्हटलं, काटा बिघडलाय.
म्हणाली, दुसरा लावून बघितला, दादा.
वर म्हणाली, दोन नंबर कण्हतोय मघापासून.
मी कान दिला. मला काहीच नाही.
वरचे सूर या मशिनांनी कधीच खाल्लेत माझे.

उजाडायच्या आत कंडेन्सरवर चढलो दोघं.
रबरी नळी, बादलीभर पाणी.
व्हॉल्व्ह अर्धा आटा.
बुडबुडे आले. हवा.
बुडबुडे, बुडबुडे,
किती महिन्यांची हवा,
माझ्या प्रत्येक एकशे ऐंशीच्या पोटात कोंडलेली.
मग पाणी तडतडायला लागलं,
बुडबुडा वर पोचेचना.
आता अमोनिया आला, म्हणाली, बंद करते.

काटा उतरला. मोटारीचा अँपिअरही उतरला.
महिन्याने मालक बिल नाचवत आले,
काय केलंत?
मी म्हणालो, हिने खरं लिहिलं.
ते ठीक आहे हो, म्हणाले,
पण केलं काय?

काल रात्रपाळीला एक वाजता उठलो.
टॉर्च घेतला.
काचेवरचा दव शर्टाच्या बाहीने पुसला.
काटा थरथरत होता,
थांबेस्तोवर थांबलो.
एकशे शहाऐंशी.
लिहिलं.