नळी कोण धरतं

वाल्दीवियात सकाळपासून धुकं नदीवरून हललेलं नाही.
टेबलावर लुचे. अकरा वर्षांची, काळी, मिशा पिकलेल्या,
खायच्या शेवाळाचं नाव तिला.
पोटावरचे केस काढल्यावर
किती लहान दिसते.

शिरेत दुधासारखं पांढरं औषध जातं.
जीभ सैल पडते, मी ती बाजूला सारते,
घशात नळी घालते, जबड्यामागे बांधते.
आता तिचा भाता माझ्या हाती.
हे औषध नुसती झोप आणत नाही:
रक्तवाहिन्या सैलावतात, दाब उतरतो,
आणि श्वास घ्यायचा राहूनच जातो,
वाचता वाचता चहा राहतो तसा.

मात्यास अजून तरुण आहे.
त्याला शर्टाच्या काजाएवढी तीन भोकं पुरतात.
"टाके शोधावे लागतील," असं मालकांना सांगतो.
खोटं नाही ते.
पण भोकातून बघायचं तर आत जागा हवी,
जागेसाठी वायू भरायचा,
तोच, जो आपण उच्छ्वासात टाकून देतो.

पोट फुगून तंबू होतं.
पडद्यापलीकडे फुप्फुसं अंग चोरून बसतात,
भरल्या घरात उशिरा आलेल्या पाहुण्यासारखी.
मोठी शीर दबते,
हृदयाकडे परतणारं रक्त वाटेत अडतं.
वायू रक्तात झिरपत राहतो:
अडतीस, चव्वेचाळीस, एक्कावन्न.
मी यंत्राचा श्वास वाढवते, पण बेतानेच,
छाती जास्त भरली तर हृदयाचीच कोंडी.

काल संध्याकाळी तिचा मालक आला होता,
एलेओदोरो वेनांते. चाळीस वर्षं
शिंपल्यांसाठी बुड्या मारणारा,
होडीवर कॉम्प्रेसर, तोंडात पिवळी नळी.
मी कागद वाचून दाखवत होते: धोके, टक्के, सही इथे.
"आकडे राहू द्या," तो म्हणाला. "वर नळी कोण धरतं?"
"मी."
"माझ्या मेव्हण्याचा नळीवाला
सिगारेट पेटवायला वळला होता."
एवढंच. मग सही केली, मोठ्या अक्षरांत.

ठोके.
शंभर. नव्वद. बासष्ट.
पोटाचं अस्तर ताणलं की एक जुनी नस
हृदयाला सांगते, थांब.
एक्केचाळीस.
"मात्यास, वायू सोड."
"दोन मिनिटं, यकृत अगदी समोर..."
"सोड."

फुस्स.
तंबू बसतो. एट्रोपिन गेलेलं आहे.
पडद्यावरची सपाट रेघ किती लांब होती
ते नोंदवहीत आहे, चार सेकंद.
नोंदवहीला काय कळतंय.
मग एक ठोका.
मग, जरा रागावल्यासारखा, दुसरा.

पुन्हा भरलं तेव्हा मी बारावर जाऊ दिलं नाही, आठावरच.
सावकाश.
"एवढ्यात हात कुठे घालू?" मात्यास कुरकुरला,
पण तुकडा मिळाला, मसुराएवढा.
त्यात काय निघेल ते आठवड्याने.

तिने नळी चावली, मी काढली.
खोकली. डोळे उघडले, माझ्याकडे बघितलं
आणि ओळख दिली नाही.

एलेओदोरो टाके बघत नाही.
गुडघे टेकून कान तिच्या बरगड्यांना लावतो,
बराच वेळ.
"आली वर," म्हणतो.
मला नाही, तिलाच.

धुकं तसंच आहे.
माझ्या डाव्या हाताची बोटं अजून मोजताहेत.
साडेअकराला एक मांजर आहे.